खिळ्यावरच्या तीन चाव्या

“एक बटण दाबायचंय, वहिनी. एक! बंद पडली मशीन तर चालू कर परत. एवढ्यासाठी सकाळी सकाळी घर डोक्यावर घ्यायचं?”

“त्या बटणाला कुणी हात लावला तर बघा,” उन्नती म्हणाली. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर ती दोन्ही हात पसरून उभी होती. खरं तर वर कुणीच चढत नव्हतं. भाविक सोफ्यावर बसून चहात खारी बुडवत होता.

भाविक तिचा धाकटा दीर. त्याचं लग्न वीस दिवसांवर आलं होतं. लग्नानंतर वरची खोली त्याला आणि करिष्माला द्यायची, असं घरात ठरलं होतं. त्याच खोलीत उन्नतीचं काम चाले. आज ती लेकीला, पूर्वीला, शाळेत सोडायला गेली, तेवढ्या अर्ध्या तासात सुतार येऊन कपाटाचं माप घेऊन गेला होता. मापासाठी त्याने टेबल सरकवलं, आणि टेबलावर तीन दिवस अखंड चाललेली चाचणी मोडली.

“नवशाला मीच बोलावला,” स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, आक्कांचा आवाज आला. “कपाट नको काय पोरीला? साऱ्या साऱ्या काय तुझ्या डब्यांवर वालत घालायच्या?”

“मला विचारायचं तरी, आक्का.”

“विचारायचा काय त्याच्यान?” सासरे, हिरामणबाबा, पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले. “खोली भाविकला दिवाळीलाच दिली.”

“दिलीत. पण मी आत बसलेय ना अजून!”

“मग जा ना बंगलोरला,” भाविक म्हणाला. “नाहीतरी बोलावतातच आहेत ते लोक.”

बंगलोरचं तिने फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. कुणाल दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. तो ती जरा जास्तच वेळ बांधत राहिला.

“जास्तच बोलतो तू,” तो शेवटी भावाला म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधायला बाहेर गेला. किल्ली त्याच्या हातातच होती.

उन्नतीचं काम घरात कुणाला धड सांगता येत नसे. कुणी विचारलं तर कुणाल “कम्प्युटरचं” म्हणून मोकळा होई. गावातल्या, खारबावच्या, बायकांना ती दिवसभर खोलीचं दार लावून बसते एवढंच ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी काय काय तर्क केले ते आक्का वेळोवेळी घरी आणून सांगत.

बँका, हॉस्पिटलं, मोठ्या कंपन्या यांच्या सर्व्हरला डिस्कचे डबे जोडलेले असतात. त्या डिस्कशी बोलणारा प्रोग्राम लिनक्सच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. उन्नतीच्या कंपनीचे असे डबे होते, आणि त्यांच्या ड्रायव्हरचा एक मोठा तुकडा तिने सहा वर्षांपूर्वी लिहिला होता. कंपनीचं ठाण्याचं ऑफिस बंद झालं तेव्हा बाकीचे पांगले. उन्नती मात्र टेबलासकट घरी आली आणि वरच्या खोलीत बसून तेच काम करत राहिली.

गेल्या सहा आठवड्यांत एका ग्राहकाचे सर्व्हर चार वेळा कोसळले होते. चारही वेळा तिथला कुणी माणूस डिस्कचा डबा बदलत होता. डबा काढला की ड्रायव्हरने त्या डिस्कची नोंद ठेवलेली मेमरीतली जागा रिकामी करून परत द्यायची असते. तो ती तशी देत होता. पण कुणीतरी त्यानंतरही त्या जागेत हात घालत होतं, आणि तोवर तिथे दुसऱ्याचंच काही ठेवलेलं असे. कोण, ते सापडत नव्हतं. बंगलोरच्या लॅबमध्ये मुलांनी दोनशे वेळा डबा काढून पाहिला. एकदाही काही झालं नाही.

उन्नतीने अंदाजानेच दोनदा दुरुस्ती लिहून पाठवली. कर्नलच्या त्या भागावर देखरेख करणारा माणूस कुठल्याशा थंड देशात राहत असे. त्याने दोन्ही वेळा ती परत केली. दुसऱ्या वेळी त्याने लिहिलं होतं, “वस्तू आहे का असं तुम्ही विचारता आणि मग तिला हात लावता. विचारणं आणि हात लावणं यांच्या मधे ती जाऊ शकते.” उत्तर खरं होतं, म्हणून जास्त लागलं होतं.

मग सोमवारी मॅनेजरचा फोन आला. शुक्रवारी पाचपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर हा ड्रायव्हर बंगलोरची टीम घेईल. उन्नतीने तिथे येऊन त्यांच्यात बसावं, किंवा मग बघू. “मग बघू” म्हणजे काय, हे तिला कळत होतं. मुलगी अजून तिसरीत होती. कुणालचे टेम्पो इथल्या गोदामांवर चालत. बंगलोरला पूर्वीला न्यायचं की ठेवून जायचं, हा प्रश्न नवरा-बायकोने एकमेकांना अजून मोठ्याने विचारला नव्हता.

आज बुधवार होता.

ती वर गेली. टेबल भिंतीपासून हातभर पुढे आलं होतं. मागे फरशीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. डिस्कचा डबा तिरका झाला होता आणि त्याची केबल लोंबत होती. चाचणीची मशीन गोठली होती. कीबोर्डकडे तिचा हात गेला, आणि थांबला.

तिचे वडील कामतघरला कापडाचे लूम दुरुस्त करायचे. लहानपणी जेवणाचा डबा द्यायला ती कारखान्यात जाई. एखादा लूम बंद पडला की कामगार लगेच खटका ओढायला धावत, आणि वडील ओरडत, “हात नको लावू! आधी बघू दे कुठं थांबलाय.” धोटा कुठे अडकला, धागा कुठे तुटला, हे थांबलेल्या लूममध्ये दिसतं. पुन्हा चालू केला की सगळं पुसलं जातं.

मशीनला हात न लावता तिने शेजारचा लॅपटॉप उघडला. मशीन काय बोलते ते शेवटच्या ओळीपर्यंत त्यात उतरत असे. चाचणीसाठी तिने कर्नलमध्ये एक पहारा चालू ठेवला होता. सोडून दिलेल्या जागेला कुणी हात लावला, की तो तिथल्या तिथे तक्रार लिहून ठेवतो.

तक्रार लिहिलेली होती.

तिने ती उभ्यानेच वाचली. मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचली. हात कुणी लावला, जागा मुळात कुणी घेतली होती, ती सोडली कुणी, तिन्ही नावं ओळीने होती. सहा आठवडे दोनशे वेळा डबा काढून जे मिळालं नव्हतं, ते एका सुताराने माप घेता घेता मिळवून दिलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आली जांभई. रविवारपासून नीट झोप नव्हती.

हात लावणारा एक गजर होता. डिस्कने उत्तर द्यायला उशीर केला तर काही सेकंदांनी चौकशी करायची, असा तो गजर तिने स्वतःच लिहिला होता. पण डबा काढताना हा गजर बंद करायचा, ही ओळही तिनेच लिहिली होती. ती ओळ जागेवर होती. मग बंद केलेला गजर वाजला कसा?

ते फक्त नवशा सांगू शकत होता.

हिरामणबाबांचे खारबाव रस्त्याला दोन गाळे होते. आधी तिथे त्यांची भातशेती होती, आता गोदामं होती. नवशा दुसऱ्या गाळ्याच्या केबिनमध्ये खिडकीची चौकट बसवत होता. उन्नतीला दारात बघताच त्याने पटाशी खाली ठेवली.

“वैनी, मी काय नाय केला. देवाशप्पथ.”

“तू केलंस, नवशा. आणि फार बरं केलंस. फक्त कसं केलंस ते सांग.”

यावर तो जास्तच घाबरला. एवढ्या गोड आवाजात त्याला या घरातून कुणी कधी विचारलं नव्हतं. “आक्कांनी सांगितला माप घे, मी माप घेतला. वायर आपोआप निघाली.”

“आपोआप निघत नाही ती. कडी दाबावी लागते.”

नवशाने कान खाजवला. “दाबली असंल.”

“मग?”

“मग लाइट पिवला झाला. मी म्हनलं, झाला आता. नि खालून आक्का वरडल्या, ‘काय परला रं?’ म्हनून पटकन परत घातली.”

“परत घातलीस?” उन्नती खाली लाकडाच्या फळीवर बसलीच.

“घातली, पर टेबल सरकंना. म्हनून परत काढली.”

केबल निघणं म्हणजे मशीनच्या लेखी डबाच निघणं. लॅबमधली मुलं शिकलेली होती. ती डबा काढत, कागदावर खूण करत, सगळे लाइट विझेपर्यंत थांबत आणि मग नवा घालत. ग्राहकाकडचे लोक मात्र नवशासारखे असणार. चुकीचा डबा निघाला की साहेबाने बघायच्या आत परत घालायचा, मग बरोबर कुठला ते आठवून पुन्हा काढायचा. हे कुठल्या अहवालात कोण लिहिणार?

“चल घरी,” ती म्हणाली. “तेच परत करून दाखव.”

मशीन पुन्हा उभी केली. नवशाने हात पँटला पुसले, केबल हलकेच काढली, हलकेच घातली, हलकेच काढली. मशीन सुखाने चालत राहिली. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. काही नाही.

“असंच केलं होतंस?”

“असाच. पर तवा मी घाबरलेलो, वैनी. आता कुठं घाबरलोय?”

उन्नतीने त्याच्याकडे पाहिलं, मग जिन्याशी जाऊन खाली हाक मारली. “आक्का, सकाळी ओरडलात तसं ओरडा जरा.”

“काय झाला?”

“तसं नाही. ‘काय परला रं’ असं. मी सांगेन तेव्हा. जोरात.”

आक्का पदराला हात पुसत जिन्याखाली आल्या. सून एक तर चेष्टा करत होती, नाहीतर कामाने तिचं डोकं फिरलं होतं. दोन्हींत त्यांना रस होता. “सांग कवा ते.”

नवशाने केबल काढली. उन्नतीने हात हलवला. आक्का घसा फोडून ओरडल्या, “काय परला रं!” शेजारच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. आवाज खोटा आहे हे माहीत असूनही नवशा दचकला आणि केबल खसकन आत गेली.

“आता काढ!”

काढली. उन्नतीने मनात सेकंद मोजले. अकराव्या सेकंदाला मशीन गोठली आणि लॅपटॉपवर तक्रारीच्या ओळी धावू लागल्या. तीच तीन नावं.

“परली?” आक्काने खालून विचारलं.

“पडली!”

“माझ्या वरडन्यान?”

“तुमच्याच!”

“बाय गो,” आक्का म्हणाल्या. बाजूच्या घरी जाऊन हे सांगण्यासाठी त्यांनी चपला शोधायला घेतल्या.

आता गोष्ट दिसत होती. पहिल्यांदा डबा काढला तेव्हा ड्रायव्हर आवराआवर सुरू करतो आणि गजर बंद करतो. पण त्या आवराआवरीला चार सेकंद लागतात, आणि तेवढ्यात केबल परत येते. ड्रायव्हरच्या दुसऱ्या टोकाला वाटतं, डिस्क आली. ते टोक जुन्याच नोंदीवर नवा गजर लावून ठेवतं. इकडे आवराआवर पुढे चाललेलीच असते. ती नोंद सोडून देते. अकराव्या सेकंदाला गजर उठतो आणि त्या नोंदीच्या पत्त्यावर जातो. तिथे आता दुसरंच कुणी राहत असतं.

गजराचा दोष नव्हता. त्याच्याकडे पत्ता होता, आणि जागा सोडल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. पाणी प्यायला खाली आली तेव्हा तिला आठवलं. बैठकीच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी भिंतीला दोन मोठे खिळे होते, एकेका गाळ्याचा एकेक. प्रत्येक गाळ्याला तीन चाव्या. एक भाडेकरूची, एक त्याच्या माणसाची, एक त्याच्या गाडीवाल्याची. भाडेकरू गेला तरी तिन्ही चाव्या खिळ्यावर आल्याशिवाय बाबा गाळा दुसऱ्याला देत नसत. लोक त्यांना यावरून हसत. गाळा दोन-दोन महिने रिकामा राही. पण सुरुवातीच्या वर्षी त्यांनी एकदा घाई केली होती. जुना भाडेकरू गेला, दोन चाव्या आल्या, बाबांनी गाळा खेळण्याच्या व्यापाऱ्याला दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे जुन्याचा गाडीवाला नेहमीसारखा आला, आपल्या चावीने कुलूप उघडलं आणि गाडीभर सुताच्या रिळांचा माल बाहुल्यांवर रचून निघून गेला. बाबा ही गोष्ट पाहुण्यांना सांगत आणि शेवटी दर वेळी म्हणत, “तो चोर नवता. त्याच्याकडं चावी व्हती.”

उन्नती पेला हातात घेऊन खिळ्यांकडे बघत राहिली. पहिल्या खिळ्यावर काही नव्हतं; तो गाळा भाड्याने गेलेला होता. दुसऱ्यावर तिन्ही चाव्या होत्या.

जागा आहे का असं दर वेळी विचारून भागणार नव्हतं. गजर लावतानाच त्याच्या हातात एक चावी द्यायची. त्याचं काम झालं की त्याने ती खिळ्याला लावायची. आवराआवर करणाऱ्याने आधी दाराला पाटी लावायची, की आता नव्या चाव्या मिळणार नाहीत, आणि मग शेवटची चावी परत येईपर्यंत थांबायचं. कर्नलमध्ये किती चाव्या बाहेर आहेत ते मोजायची सोय मुळातच होती. उन्नतीने गजरापुरती ती वापरली नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिला वाटलं होतं, अकरा सेकंदांसाठी काय मोजायचं.

दुरुस्ती एकूण एकोणीस ओळींची झाली. संध्याकाळी तिने नवशाला पुन्हा बोलावलं. तोवर आक्काने ओरडायची चांगली तयारी केली होती. बाजूच्या दोन बायकाही बघायला आल्या होत्या. बारा वेळा ओरडून झालं. मशीन पडली नाही. आक्का जराशा नाराज झाल्या.

गुरुवारभर उन्नतीने केबलचं काढणं-घालणं यंत्राकडून करवून घेतलं. कधी चार सेकंदांनी, कधी दोन, कधी एक. पहारा गप्प राहिला. शुक्रवारी सकाळी तिने दुरुस्ती पाठवली. बरोबर काय घडतं ते लिहिलं, “घाईने परत घातलेली केबल” असं कारण लिहिलं, आणि शोध कुणी लावला त्या ओळीत नवशाचं नाव घातलं. मग मात्र करण्यासारखं काही उरलं नाही. ती खाली येऊन आक्काबरोबर वालाच्या शेंगा सोलत बसली.

“तुझा तो गोरा काय म्हनतो?” आक्काने विचारलं.

“अजून उठला नसेल.”

“उठंल. तू शेंगा सोल.”

सव्वातीनला फोन वाजला. देखरेख करणाऱ्या माणसाने तीनच ओळी लिहिल्या होत्या. हे बरोबर आहे. घेतलं. आणि, नवशा यांना माझे धन्यवाद कळवा.

तिने फोन पालथा ठेवला आणि एक शेंग सोलली. त्यातला दाणा खाली पडला तो तिने उचललाही नाही. पाचला दहा मिनिटं असताना मॅनेजरचा फोन आला. तो खूप बोलला. त्यातलं तिला एवढंच नीट ऐकू आलं, की ड्रायव्हर तिच्याकडेच राहील आणि बंगलोरचा विषय संपला. कुणाल दारातून आत येत होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग शेजारी येऊन बसला आणि शेंगा सोलायला लागला. शेंगा सोलणं त्याला अजिबात येत नव्हतं.

“सालं पातेल्यात नि दाने कचऱ्यात टाकतो हा,” आक्का म्हणाल्या. पण त्यांनी त्याला उठवलं नाही.

रात्रीचं जेवण त्या दिवशी लवकरच झालं. भाविक दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. भात वाढून घेताना तो ताटाकडे बघत म्हणाला, “वहिनी, ते बंगलोरचं मी उगाच बोललो.”

“हो, उगाच बोललास.”

“करिष्मा पण ओरडली मला. म्हणाली, तिला घालवून मिळालेल्या खोलीत मी येणार नाही.”

“मंग आता?” आक्काने हिरामणबाबांकडे पाहिलं. “कपाटाला लाकूड आलाय.”

बाबांनी घास चावायला वेळ घेतला. “खोली तर दिलेली हाय,” ते म्हणाले, पण बुधवारचा जोर त्यात नव्हता. नवशाच्या नावाने परदेशातून धन्यवाद आल्याचं त्यांचं नाक्यावर दोघातिघांना सांगून झालं होतं. तिन्ही चाव्यांची गोष्ट कुठे उपयोगी पडली, तेही उन्नतीने त्यांना सांगितलं होतं. “पर तू आत बसलेली हायेस. त्याचा मी इचार केलेला नवता.”

उन्नतीने हात धुतले. परत येताना ती भिंतीपाशी थांबली आणि मग जागेवर येऊन बसली.

“दुसऱ्या गाळ्याची केबिन रिकामी आहे,” ती म्हणाली. “खिडकी झाली, वीज आहे, दाराला कडी आहे. सोमवारी टेबल हलेल. मंगळवारपासून मी तिथे बसणार, बुधवारी वरच्या खोलीची किल्ली मी स्वतः भाविकच्या हातात देईन. तोवर वर कुणी माप घ्यायला चढायचं नाही.”

“गोदामात?” आक्का म्हणाल्या. “हमालांच्यात? बाईमानूस?”

बाबांची नजर खिळ्याकडे गेली. दुसरा खिळाही रिकामा होता.

“तिन्ही चाव्या माझ्याकडे आहेत,” उन्नती म्हणाली. “गाळा आता कुणाला द्यायचा नाही.”